शेवटच्या दोन रिकाम्या ओळी

"पोरगी काय करते?" हा प्रश्न प्रत्येक लग्नात माझ्या आईला विचारला जातो, मला नाही. आई "कॉम्प्युटरचं" म्हणते आणि विषय जिलबीकडे वळवते. यात आईचा दोष नाही. सहा वर्षांत मीच तिला याहून जास्त काही सांगितलेलं नाही. मी घरात कमी बोलते, बाहेर त्याहून कमी, आणि शिक्षण सगळं इंग्रजीतून झाल्यामुळे कामातलं काही सांगायला गेले की दर तिसऱ्या शब्दाला आई अडते. म्हणून या अंकासाठी लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले आणि मग घरी येऊन कागद घेऊन बसले. लिहिताना मध्येच कोणी प्रश्न विचारत नाही, हा लिहिण्याचा मोठा फायदा आहे.

आमचं ऑफिस रत्नागिरीच्या बाजारात, औषधांच्या एका दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या, चार माणसं, एक इन्व्हर्टर. मालक साळवी सर. आम्ही नवीन काही बनवत नाही, जुने प्रोग्रॅम सांभाळतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणा हुशार माणसाने एखाद्या शाळेला, वाचनालयाला, सोसायटीला प्रोग्रॅम लिहून दिलेला असतो. तो माणूस पुण्याला किंवा त्याच्याही पुढे निघून जातो. प्रोग्रॅम मागे राहतो आणि बिनतक्रार चालतो, जोवर त्याच्या खालचा कॉम्प्युटर मरत नाही. मग आम्हाला फोन येतो. यातले बरेचसे प्रोग्रॅम पर्ल नावाच्या भाषेत आहेत. पर्ल वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे. साळवी सर म्हणतात, "जुनी विहीर आहे. पाणी गोड, पण रहाट ओढायला माणूस नाही." आमच्या ऑफिसातला तो माणूस मी.

माझं नेमकं काम असं, की प्रोग्रॅम जे छापतो ते बरोबर छापतो का, हे बघायचं. ऐकायला सोपं आहे. पण प्रोग्रॅम एकदा छापून मोकळा झाला की अक्षरं पडद्यावर नाहीतर कागदावर जातात, आणि ती प्रत्येक वेळी डोळ्यांनी वाचत बसलं तर माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो आणि चौथ्या दिवशी चुकतो. म्हणून आम्ही ती अक्षरं मध्येच झेलतो.

आमच्या घराच्या मागे बाबांची सात कलमं आहेत. बाबा आंबा कधी पाडत नाहीत. लांब काठीच्या टोकाला झेला असतो, लोखंडी कडी, तिला पातं आणि खाली जाळी. आंबा पात्याने देठासकट कापला जातो आणि जमिनीवर न पडता जाळीत येतो. माझं काम हेच आहे. प्रोग्रॅमला वाटतं आपण कागदावर छापतोय. मी त्याला न कळवता छापण्याची वाट वळवते आणि सगळी अक्षरं माझ्या जाळीत घेते. मग आधीपासून माझ्याकडे असलेल्या बरोबर नमुन्याशी ती अक्षर न् अक्षर ताडून बघते. जुळली तर टेस्ट हिरवी, नाही जुळली तर लाल. देठसुद्धा तपासायचा असतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी, "इथे ओळ संपली, खाली जा," असं सांगणारी एक न दिसणारी खूण असते. तो ओळीचा देठ. देठाविना आंब्याला चीक लागतो आणि डाग पडतो, हे बाबांनी मला चौथीत असताना सांगितलं होतं. ते मी कामात विसरले, त्याचीच ही गोष्ट आहे. पण आधी एक छोटी फजिती सांगते, कारण साळवी सर ती सगळ्यांना सांगतातच.

नोकरी लागून दोन महिने झाले होते. देवरूखच्या एका वाचनालयाचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. ज्यांनी पुस्तकं परत केली नाहीत त्यांना पाठवायची पत्रं तो छापत असे. मी जाळी लावली, पत्रं झेलली, ताडणी लिहिली. प्रत्येक पत्रानंतर "ठीक" किंवा "चूक" असं उमटायला हवं होतं. काहीच उमटलं नाही. पडदा स्वच्छ. मी खूश. दिवसभर बदल करत होते आणि पडदा शांत होता. संध्याकाळी साळवी सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कसं चाललंय?"

"सगळं ठीक आहे, सर."

"कोण म्हणालं?"

"कोणीच काही म्हणालं नाही, सर."

"म्हणजे ठीक आहे?"

मी वाट वळवली होती, पण काम झाल्यावर ती पुन्हा सरळ करायची विसरले होते. माझे स्वतःचे "ठीक" आणि "चूक"सुद्धा त्याच जाळीत पडत होते. जाळी उघडली तर आत एकेचाळीस वेळा "चूक" निघालं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला शांतता आवडते हे मला माहीत आहे, प्रज्ञा. पण शांतता म्हणजे होकार नव्हे."

आता मुख्य गोष्ट. रत्नागिरीपासून थोड्या अंतरावर एक खाडी आहे, तिच्या आत एक जेट्टी. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं ओळखीची आहेत आणि चेष्टेखोर आहेत. या खाडीच्या तोंडावर वाळू साठते. भरतीला होड्या तिच्यावरून आरामात आत येतात. भरती उतरली की बाहेर थांबावं लागतं. त्यामुळे परतीच्या दिवशी भरती किती वाजता, हा तिथला रोजचा प्रश्न. जेट्टीवर मच्छीमार सोसायटीची एक खिडकी आहे. होडी समुद्रात निघताना परतीची तारीख सांगायची, आणि खिडकीतून त्या तारखेच्या भरतीच्या दोन वेळा छापलेली पट्टी घ्यायची. मोबाइल प्रत्येकाकडे आहे, पण ओल्या हाताने आणि माशांच्या खवल्यांनी मोबाइल चालत नाही, आणि मोबाइलवरची वेळ असते मोठ्या बंदराची. आमचा प्रोग्रॅम त्यात या खाडीची मिनिटं मिळवून छापतो. छापतो जुन्या, खडखड वाजणाऱ्या प्रिंटरवर, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत. ते वाचायला मला सोपं जातं, हे मी तिथे कोणाला सांगितलेलं नाही.

खिडकीत सुगंधाताई बसते. पूर्वी ती डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकायची. गुडघे गेले, तेव्हा सोसायटीने तिला खिडकीत बसवलं. पट्टी बंद झाली तर खिडकी बंद, आणि खिडकी बंद तर पुन्हा पाटी. हे तिने मला पहिल्याच फोनवर, हवामान सांगावं तसं सांगितलं होतं.

आणि पट्टी बंद करा म्हणणारा एक माणूस तिथे होता. नामा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. वय साठीच्या पुढे, डोक्याला विणलेली टोपी, आणि कागदाबद्दल मनापासून तुच्छता. तो भरती बोटांच्या पेरांवर मोजायचा. त्याचं म्हणणं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, मग हा कागद कशाला? सोसायटीच्या कमिटीत त्याच्या शब्दाला वजन होतं. शेवटी सुगंधाताईने त्याला सगळ्यांसमोर पैजेत ओढलं. पंधरा दिवस फक्त कागदावर चालायचं, बोटं मोजायची नाहीत. कागद खरा ठरला तर तांडेलाने तोंड बंद करायचं. खोटा ठरला तर कमिटीसमोर पट्टी बंद करा म्हणायचं आणि तिने हरकत घ्यायची नाही.

नेमका त्याच आठवड्यात सोसायटीचा कॉम्प्युटर मेला. नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बसवायचं काम माझं.

मी ते नीट केलं, असं मला वाटत होतं. जुन्या प्रोग्रॅमने छापलेल्या शंभर पट्ट्या नमुना म्हणून घेतल्या. नव्याच्या शंभर झेलल्या. ताडताना दिसलं, की जुन्या प्रत्येक पट्टीच्या शेवटी दोन रिकाम्या ओळी आहेत. कशासाठी? कशासाठीच नाही. लिहिणाऱ्याचा गबाळेपणा, असं मी ठरवलं. आमच्या शाळेत वहीत रिकामी ओळ सोडली की बाई लाल पेनाने काट मारायच्या. मी त्या दोन ओळी प्रोग्रॅममधून काढल्या, आणि टेस्टला सांगितलं की शेवटचं रिकामं काही असेल तर ते सोडून बाकीचं ताड. शंभर हिरव्या. स्वच्छ, सुबक. नवा प्रोग्रॅम मी ऑफिसात बसूनच पाठवला. खरं तर जेट्टीवर जाऊन एक पट्टी छापून बघायला हवी होती. बसने चाळीस मिनिटं. पण तिथे गेलं की बोलावं लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाताईचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या कागदानं तांडेल रुतला."

"रुतला म्हणजे?"

"म्हंजे वाळूत. काल साडेचारला. रात्रीचं पाणी चढलं तवा सुटला. लिलाव गेला, मासे बर्फात. तो आता हितं जेट्टीवर बसलाय नि हसतोय. रागावला असता तर बरं होतं गो."

कागदावर काय आहे ते वाचायला मी सांगितलं. तिने पट्टी वाचली. सगळ्यात वर, होडीच्या नावाच्याही वर, एक ओळ होती: दुसरी भरती, साडेचार. मग होडीचं नाव, तारीख, पहिली भरती. आणि खाली काहीच नाही.

"ती ओळ वर कशी आली?" मी विचारलं.

"काल सकाळपासून सगळ्यांच्या वरच येत्येय. मला वाटलं, तुमी नवीन पद्धत काढलीत. महत्त्वाचं तेवढं वर."

मी फोन ठेवला आणि सरांच्या टेबलापाशी गेले. साळवी सरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्रिंटर बघितला होतास?"

"टेस्ट हिरवी होती, सर."

"टेस्टला प्रिंटर आहे का?"

झालं होतं ते असं. या जुन्या प्रिंटरमध्ये अक्षरं जिथे उमटतात आणि कागद जिथे फाडतात, त्या दोन जागांमध्ये साधारण दोन ओळींचं अंतर असतं. शेवटची ओळ छापली तरी ती आतच राहते. कागद आणखी दोन ओळी वर सरकला तरच ती फाडायच्या कडेच्या बाहेर येते. त्या दोन रिकाम्या ओळी म्हणजे तो धक्का. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी माणसाने प्रिंटरसमोर उभं राहून, फाडून बघून त्या घातल्या होत्या. मी त्या ऑफिसात बसून, न बघता काढल्या. मग प्रत्येक पट्टीची शेवटची ओळ आत राहायची आणि पुढच्या माणसाच्या पट्टीच्या डोक्यावर निघायची. तांडेलाच्या आधीचा माणूस तीन दिवसांनी परतणार होता. त्याची दुसरी भरती साडेचारची. तांडेल त्याच दिवशी परतणार होता, त्याची खरी वेळ सव्वादोन.

"चूक ज्याची, त्याने जायचं," साळवी सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मी येऊ?"

मी नाही म्हणाले. का म्हणाले ते अजून कळलेलं नाही.

बसमध्ये मी वाक्यं पाठ केली. इंग्रजीत चांगली जमत होती. मराठीत केली की माफी मागतेय की अर्ज लिहितेय तेच कळेना. जेट्टीवर पोचले तेव्हा खिडकीसमोर सात-आठ माणसं, आणि मध्ये उलट्या क्रेटवर नामा तांडेल.

"ही बघा, कागदवाली आयली," तो म्हणाला. "ये गो बाय. बस. वाळूत नाय, हितं बस."

सगळे हसले. पाठ केलेलं सगळं मी विसरले.

"काका, चूक कागदाची नाही," मी म्हणाले. "ताईंचीही नाही. माझी आहे. मी दोन ओळी काढल्या, त्या काढायच्या नव्हत्या."

"दोनच ओळी?"

"त्याही रिकाम्या."

यावर जे हसू उसळलं त्यात सुगंधाताईही होती. मी मात्र सांगत राहिले. खिडकीच्या आत जाऊन प्रिंटरचं झाकण उघडून दाखवलं, ओळ कुठे उमटते, कागद कुठे फाटतो. माझा आवाज मला ऐकू येत होता, असं माझं सहसा होत नाही. तांडेल उठून आत डोकावला, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुला खरं सांगू? काल तिजेची सव्वादोन, हे मला ठावं होतं. पाणी उतरतंय हेही होडीखाली कळत होतं. पण शब्द दिला होता, बोटं मोजणार नाय. कागद म्हणतो साडेचार, मंग साडेचार. पोरं वरडत होती, काका थांबवा, काका थांबवा. मी म्हटलं, रुतू दे."

"मुद्दाम रुतवलीस!" सुगंधाताई ओरडली. "म्हातारा झालास तरी खोड जात नाय!"

"पैज म्हंजे पैज."

"मंग पैज मोडली. चूक पोरीची, कागदाची नाय. पुन्यांदा मोजायचे पंधरा दिवस."

तांडेल माझ्याकडे बघत होता. त्याने नाही म्हटलं असतं तर खिडकीचं काय होणार हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. सुगंधाताईने प्रिंटरचं झाकण उगाच दोनदा बंद केलं.

"मोजूया," तो म्हणाला. "पण या टायमाला ही बाय रोज हितं बसणार. पट्टी हातात घेऊन आधी हिनं वाचायची, मंग मी."

असे माझे पंधरा दिवस जेट्टीवर गेले. सकाळी सहाच्या बसने जायचं, साडेनऊच्या बसने ऑफिसात परत. पहिल्या दिवशीच दोन रिकाम्या ओळी जागेवर गेल्या, आणि टेस्ट मी अशी बदलली की देठासकट, शेवटच्या रिकामेपणासकट सगळं ताडलं जाईल. पण त्याहून जास्त काम क्रेटवर बसून झालं.

समुद्र माझ्या घरापासून चार किलोमीटरवर आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत मी लहानपणापासून खेळलेय. तरी भरती रोज वेगळ्या वेळी का येते, हे मला शाळेत इंग्रजीत शिकवलेलं आणि परीक्षेनंतर विसरलेलं होतं. तिथी मला कॅलेंडर बघूनसुद्धा पटकन सांगता येत नव्हती. आणि पाऊणपट म्हटलं की मी मनातल्या मनात आधी इंग्रजीत भाषांतर करायचे.

"सातमीची किती?" तांडेल विचारायचा.

मी मोबाइल काढायचे.

"ठेव तो डबा. साताचं अर्धं?"

"साडेतीन."

"साडेतिनाचं अर्धं?"

"वन पॉइंट... पावणेदोन."

"मिळव."

"फाइव्ह फिफ्टीन."

"सव्वापाच. पाणी इंग्लिश शिकलेलं नाय गो बाय."

अकराव्या दिवशी मी न अडखळता एकादशी सांगितली, सव्वाआठ. सुगंधाताईने डब्यातली तळलेली मांदेली माझ्यापुढे सरकवली.

रोज एक गोष्ट मात्र न चुकता व्हायची. पट्टी मी वाचायचे, तो वाचायचा, मान हलवायचा. मग शेवटच्या त्या दोन रिकाम्या ओळींची शेपटी काळजीपूर्वक फाडायचा, तिच्यात तंबाखूची पुडी बांधायचा, आणि वेळा छापलेला कागद खिडकीच्या खिळ्याला टोचून ठेवायचा. "वाचला. आता नेऊन काय करू?"

"बघितलंत?" सुगंधाताई म्हणायची. "याला फक्त शेपटी पायजे. तुमी ती काढलीत तवा हा खरा रागावला होता."

पंधरा दिवस झाले. पट्टी एकदाही चुकली नाही. तांडेलाने कमिटीत काय सांगितलं ते मला सुगंधाताईकडून कळलं. उभा राहिला, म्हणाला, "असू दे खिडकी," आणि बसला. याहून जास्त स्तुती त्याने स्वतःच्या होडीचीही केलेली नाही म्हणे. खिडकी राहिली.

इथे मी थांबायला हरकत नव्हती. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. माझी टेस्ट फक्त एवढंच सांगत होती, की नवीन पट्टी जुन्या पट्टीसारखी आहे. जुनीच चुकलेली असेल तर? दोघी मिळून, अगदी देठासकट, सारख्याच चुकतील आणि टेस्ट हिरवी राहील. मग मी आणखी एक टेस्ट लिहिली. ती पट्टी झेलते, तिच्यातली वेळ वाचते, त्या दिवसाची तिथी घेते, तिची पाऊणपट करते आणि विचारते: या दोन्हींत तासाहून जास्त फरक आहे का? आधी मी अर्धा तास ठेवला होता. तांडेल म्हणाला होता, "वारा, पाऊस, खाडी, सगळं इकडंतिकडं करतं. तासभर सोड. तासाच्या पलीकडं गेलं तर पाणी नाय, माणूस चुकला." त्या फाईलला नाव काय द्यायचं यावर मी फार विचार केला नाही. तांडेल.

साळवी सरांनी बघितली आणि म्हणाले, "ही टेस्ट कधी लाल होणार नाही."

डिसेंबरच्या शेवटी नव्या वर्षाचा भरतीचा तक्ता भरायचा असतो. त्या वेळी मला ताप होता म्हणून सरांनी तो स्वतः भरला. दोन दिवसांनी मी आले, सगळ्या टेस्ट चालवल्या. शंभर पट्ट्या हिरव्या, कारण त्या जुन्याच तारखांच्या होत्या. आणि अगदी शेवटी एकच लाल ओळ, जानेवारीतल्या एकूण एक दिवसाची तक्रार. फरक चार तासांचा. मला वाटलं, पाऊणपट करण्यात माझंच काही चुकलं. कागद घेतला, पेरांवर मोजलं. अष्टमी, सहा. तक्ता म्हणत होता दहा. परत मोजलं. मग तक्त्याचं पहिलं पान उघडलं. तो गुजरातेतल्या एका बंदराचा होता. बंदरांच्या यादीत आमच्या बंदराच्या खालच्याच ओळीवर त्याचं नाव होतं.

मी साळवी सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हिरव्या टेस्ट किती?" त्यांनी विचारलं.

"शंभर."

"आणि लाल?"

"एक."

"चहा सांगतो," ते म्हणाले, आणि कधी नव्हे ते स्वतः जिना उतरून सांगायला गेले.

तक्ता अजून जेट्टीवर पाठवला नव्हता, त्यामुळे एकही चुकीची पट्टी छापली गेली नव्हती. जेट्टीवर कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. फोन करायचीसुद्धा गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सहाची बस पकडली.

तांडेल क्रेटवर जाळं शिवत बसला होता. सुगंधाताई खिडकीत.

"आयली कागदवाली. आता काय काढलंस?"

"काका, काल तुम्ही एक चूक पकडलीत."

"मी? काल मी दिवसभर हे जाळं पकडलंय."

मी सांगितलं. तक्ता, गुजरात, चार तास, आणि त्याच्या नावाची ती फाईल, जी रोज सकाळी पट्ट्या सुरू होण्याआधी त्याच्या पद्धतीने मोजते. सांगायला बराच वेळ लागला, पण मध्ये मी थांबले नाही. एका जागी तर "पावणेचार" असं पहिल्या झटक्यात म्हणाले.

तो सुई खाली ठेवून ऐकत होता. "रोज मोजते?"

"रोज."

"मी बाहेर समुद्रात असलो तरी?"

"तरी."

"आणि तासाच्या पलीकडं गेलं तर वरडते?"

"लाल होते."

"आमच्या पोरांना पेरं मोजायला शिकवून दमलो," तो सुगंधाताईला म्हणाला. "एक पण शिकला नाय. शेवटी मशीन शिकलं."

"मशीन नाय, ही शिकली," सुगंधाताई म्हणाली. "परतीची तारीख सांग. लायनीत माणसं हायत."

त्याने तारीख सांगितली. प्रिंटर खडखडला. दोन ओळी वर सरकून कागद थांबला, तिने तो फाडून माझ्या हातात दिला. मी वाचला, त्याला दिला. त्याने वाचला. मी सवयीने खिडकीच्या खिळ्याकडे बघितलं. त्याने शेपटी फाडली नाही. आख्ख्या पट्टीची, रिकाम्या ओळींसकट, नीट चौघडी केली आणि टोपीच्या आत ठेवली.

"तंबाखू कशात बांधशील?" सुगंधाताईने विचारलं.

"राहू दे मोकळी," तांडेल म्हणाला. "यात माझी मोजणी हाय."